घाटातले पाणी : मालमोटार, उष्णता आणि कामगार



या व्यासपीठावरून शिवशाहीचा, पेशवाईचा आणि संतमंडळींचा इतिहास सांगणारे विद्वान दरवर्षी येऊन गेले आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मालमोटारीवर झाले, आधी किन्नर म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. त्यानंतरची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कचेरीत गेली. 'किन्नर' म्हणजे क्लीनर. आमच्या धंद्यात त्या इंग्रजी शब्दाला हेच रूप आले आहे. चिटणीसांनी इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, मला एकाच गोष्टीचा इतिहास ठाऊक आहे. जुनी मालमोटार घाटात का तापते, आणि ती तापली म्हणजे चटका कोणाला बसतो, एवढाच. ते म्हणाले, तोच सांगा. म्हणून आज उभा आहे.

प्रथम यंत्राची बाजू थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. इंजिनात जे तेल जळते त्याची सगळी उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येत नाही. ढोबळ मानाने तिचा तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो, आणि उरलेल्यातला मोठा भाग सिलिंडरच्या भिंतींत उतरतो. तो तेथून काढून घेतला नाही तर लोखंड फुगते, पिस्टन धरतो आणि इंजिन जाम होते. म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळवतात. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तेथे बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते, आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. किर्लोस्करवाडीचे पंप आपल्या शेतकऱ्याने विहिरीवर बसवले, त्याच जातीचा हा पंप. पंख फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. पाणी, पंप, नळ्या आणि वारा या चौघांची ही साखळी आहे. त्यातला एक जरी ढिला पडला तरी गाडी तापते.

ही साखळी एका दिवसात तयार झाली नाही. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ याने जी पहिली तीनचाकी मोटार केली, तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळावे, वाफ होऊन जावे आणि वरून नवे घालावे, अशीच तिची रचना होती. म्हणजे गाडीतले पाणी उकळणे हा तेव्हा बिघाड नव्हता, तो नेमच होता. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेंझची पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरच्या गावी, प्फॉर्त्सहाइमला, ती गाडी घेऊन गेली. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत मिळेल तेथून पाणी भरावे लागले आणि चढ आला की मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर बेर्थाबाई पहिली ड्रायव्हर आणि तिची मुले जगातले पहिले किन्नर. फरक इतकाच की त्यांची नावे इतिहासात राहिली.

पुढे विल्हेल्म मायबाख या कारागिराने १९०० साली मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या एकत्र जोडून त्याने ती जाळी बनवली. इतक्या नळ्यांमधून वारा गेला की थोडे पाणीही पुरे होऊ लागले. मायबाख हा लहानपणी पोरका झालेला आणि अनाथाश्रमात वाढलेला मुलगा होता, हे मी मुद्दाम सांगतो. जगातल्या मोटारी ज्याने थंड केल्या तो कोणी श्रीमंताचा मुलगा नव्हता.

आता जर्मनीतून आपल्या कृष्णाकाठी येऊ. आपल्या भागात रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. ती मीटरगेज होती आणि ती सातारा शहरातून गेलीच नाही. पुण्यापासून मिरजेपर्यंतचा मार्ग रुंद होईपर्यंत १९७१ साल उजाडले. तोपर्यंत सांगलीची हळद, गूळ किंवा शेंग रेल्वेने मुंबईला पाठवायची तर पुण्यात एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावी लागे. त्यात वेळ जाई, पोती फुटत आणि हमाली दोनदा पडे. मालमोटार मात्र गणपती पेठेतून निघाली की व्यापाऱ्याच्या दारातच थांबे. मालमोटारीने या भागात रेल्वेशी सामना केला तो याच बळावर. मधे अडचण होती ती एकच, घाटांची. पुण्याकडे खंबाटकी आणि कात्रज, वाईहून पाचगणीकडे पसरणी, आणि पाटणहून चिपळूणकडे कुंभार्ली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला माल मुंबईच्या अथवा कोकणच्या बाजूला न्यायचा तर डोंगर चढल्या-उतरल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पहिल्या पिढीतल्या मालमोटारी अमेरिकी होत्या आणि पेट्रोलवर चालत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली, फोर्डही आली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या. गाडीच्या मागे अगर बाजूला भट्टी बांधलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याचा वायू इंजिनाला पाजायचा. त्या वायूवर इंजिनाचे बळ पेट्रोलपेक्षा बरेच कमी पडे. ज्या घाटात पेट्रोलची गाडी धापा टाकत चढे, तेथे या गाडीचे काय होत असेल याची कल्पना करा. पुढे रेडिएटर तापलेला आणि मागे भट्टी तापलेली. मधल्या माणसाचा ताप मोजण्याची सोय अर्थातच नव्हती.

युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात निघाले. कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोले त्यांत पुष्कळ होते. ज्यांच्यापाशी थोडेफार भांडवल होते त्यांनी ते घेतले आणि लाकडी हौदे बांधून धंद्याला लावले. फोर्डच्या त्या आठ सिलिंडरच्या इंजिनात एक मूळचीच खोड होती. जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट इंजिनाच्या ठोकळ्यातून, पाण्याच्या कप्प्यालगत काढलेली होती. बाहेर जायची उष्णता जाता जाता पाण्यालाच तापवून जाई. ही गाडी लवकर तापते, असा तिचा जगभर बोभाटा होता. थंड मुलखातल्या या गाड्या आपल्याकडे चैत्र-वैशाखात, दीडपट ओझे घेऊन खंबाटकी चढू लागल्या. त्या तापल्या यात नवल नव्हते. पण गाडीच्या खोडीचा बोल लागला ड्रायव्हरला.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे आली. बसवरच्या कामगाराला पगार, पास, डेपो आणि वर्कशॉप मिळाले. मालवाहतूक मात्र खाजगीच राहिली. एका गाडीचा एक मालक, एक ड्रायव्हर आणि एक किन्नर, असाच तिचा संसार राहिला. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. सरहद्द पडली, पण घाट दोघांचे सामाईकच राहिले.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागला. जिने मायबाखकडून पहिली जाळी करून घेतली, त्याच कंपनीच्या वंशातले इंजिन आता आपल्या घाटात आले. ते डिझेलचे होते. डिझेलचे इंजिन तेलाचा अधिक भाग कामी लावते, त्यामुळे पाण्यात उतरणारी उष्णता तुलनेने कमी. जुनी माणसे सांगत की टाटा आली आणि घाट अर्ध्याने कमी झाला. पण मालकांनी ओळखले की गाडी जास्त ओढते, आणि ओझे वाढले. यंत्र सुधारले त्याचा लाभ हौद्यात गेला, केबिनमध्ये आला नाही.

मी किन्नर झालो तो १९८६ साली, अशाच एका जुन्या बाराशे दहावर. किन्नराचे काम काय असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. मागून येणाऱ्याला हात दाखवणे, चाकाला दगड लावणे, काच पुसणे ही कामे लोकांना दिसतात. घाटातले त्याचे खरे काम पाण्याचे. खंबाटकीच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, इंजिन निवू द्यायचे, पाणी पूर्ण भरायचे आणि दोन डबे भरून हौद्यात टाकायचे. मग चढायला लागायचे. सपाटीवर गाडी पळते तेव्हा वारा आपोआप जाळीवर येतो. घाटात पहिल्या गिअरमध्ये गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाते, इंजिन पुऱ्या ताकदीने ओढत असते, आणि वारा म्हणाल तर पंख्याचा असेल तेवढाच. कुंभार्ली चिपळूणच्या बाजूने चढताना आणखी एक गंमत होई. पश्चिमेचा वारा पाठीमागून येई आणि पंखा जी हवा आत ओढतो तिलाच अडवी. अशा वेळी आमचे वस्ताद ड्रायव्हर जागा मिळाली की गाडी वळवून तिचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करीत. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते.

१९८७ च्या मे महिन्यात खंबाटकीत गाडीने पाणी उकळले. मी सतरा वर्षांचा, अंगात घाई फार. ड्रायव्हर खाली उतरण्यापूर्वीच मी गोणपाट हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले. आता त्याचे शास्त्र सांगतो. झाकणाला स्प्रिंग असते आणि ती आतल्या पाण्यावर दाब राखते. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की पाण्याचा उकळण्याचा बिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. म्हणून बंद रेडिएटरमधले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सगळे पाणी एकाच क्षणी उकळून वर येते. मला हे शास्त्र त्या दिवशी हातावर शिकायला मिळाले. तोंड वाचले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची खूण अजून आहे.

त्या वेळी मला ठाऊक नव्हते की कामावर असताना इजा झाली तर भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालापासून होता, आणि यंत्राच्या वाहनावर काम करणारा अथवा त्याची दुरुस्ती करणारा कामगार त्याच्या यादीत होता. ठाऊक असते तरी उपयोग काय होता? माझे नाव कोणत्याच वहीत नव्हते. मला ड्रायव्हरने ठेवले होते आणि माझी मजुरी त्याच्या भत्त्यातून येई. मालकाच्या लेखी मी नव्हतोच. भाजलेला हात आहे, पण कामगार नाही, अशी ती अवस्था होती. आमच्या धंद्यातल्या अन्यायाचे मूळ येथे आहे.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत धान्य पोहोचवणाऱ्या गाड्यांवर जे होते, त्यांच्या तोंडून ऐकलेली ही हकिकत आहे. गाडी तापली की पाणी मागायला गावात जावे लागे, आणि गावात प्यायला पाणी नसे. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला सांगितले, "बाई घागर घेऊन दोन कोस चालून आलेली. तिच्याकडे इंजिनासाठी पाणी मागायचं म्हंजे काय, तोंडच उघडंना." शेवटी त्याने संध्याकाळ होईतो गाडी उभी ठेवली आणि आपोआप निवू दिली. ठेकेदाराने उशिराबद्दल त्याचा एक दिवसाचा रोज कापला. घाट आणि दुष्काळ यांतून ज्यांनी माल नेला त्यांनी अशीही किंमत मोजली आहे, ती कोणत्या अहवालात सापडायची नाही.

आता दुरुस्तीच्या विद्येकडे येतो. ही विद्या आपल्याकडे मिस्त्रींच्या हातात वाढली. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली. ओगलेवाडीला काचेचा आणि कंदिलांचा कारखाना झाला. सातारा रोडला कूपर यांनी नांगर आणि पुढे इंजिने काढली. या भागातल्या हातांना लोखंडाची ओळख अशा ठिकाणी झाली. रेडिएटरचा कारागीर मात्र वेगळा. रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याला डाख द्यायचा तो कथील-शिशाचा. मी ज्यांच्यापाशी बसून शिकलो ते मिस्त्री कल्हईवाल्याच्या घरातले होते. बापाने भांडी उजळली, मुलाने जाळ्या.

गाडी तापते म्हणून आली की ते एकदम काही उघडीत नसत. त्यांचा क्रम ठरलेला होता आणि तो आजही खरा आहे. आधी गाडी थंड होऊ द्यायची. मग पाणी किती आहे ते पाहायचे. कमी असेल तर ते गेले कोठे ते शोधायचे. रबरी नळ्या दाबून पाहायच्या. मऊ पडलेली नळी पंपाच्या ओढीने आत चिकटते आणि पाण्याची वाट बंद करते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचा. सैल असेल तर पंखाही मंद आणि पंपही मंद. झाकणाचे रबर आणि स्प्रिंग पाहायची. जाळीत चिखल, उसाचे पाचट किंवा किडे भरले असतील तर आतल्या बाजूने पाणी मारून बाहेर काढायचे. ही कामे बिनखर्चाची, आणि निम्म्या गाड्या एवढ्यानेच सुधारत. त्यानंतर थर्मोस्टॅट. तो उकळत्या पाण्यात टाकून उघडतो की नाही ते बघायचे. आपल्याकडे तो काढून फेकून देण्याची खोड आहे. मिस्त्री त्यावर रागावत. त्यांचे म्हणणे, थंडीत इंजिन मुळीच तापले नाही तरी ते झिजते. दार मोडले म्हणून कोणी भिंत पाडतो काय? त्यानंतर पंपाची गळती, आणि सर्वांत शेवटी हेड. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, किंवा तेल ताकासारखे पांढरट झाले असेल, तर हेड गॅसकेट गेले असे समजायचे.

पण या भागातले सर्वांत मोठे दुखणे होते ते जाळीच्या आत, क्षाराचे. पूर्वेकडच्या तालुक्यांतले विहिरीचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. नळी अरुंद होते आणि तो थर उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. शहाणे ड्रायव्हर नदीचे पाणी डब्यात बरोबर ठेवीत, पावसाळ्यात पागोळ्यांचे धरीत. क्षार बसलाच तर टाक्या उघडून प्रत्येक नळीत पातळ सळई फिरवावी लागे. हे काम दिवसभराचे. त्याचे पैसे पडतात आणि गाडी उभी राहते, म्हणून मालकाला ते नको असते. मग तो जवळचा उपाय करायला सांगतो.

आपल्या सांगलीची ख्याती ज्या वस्तूवर आहे, तीच येथे इतिहासात शिरते. रेडिएटर ठिबकायला लागला की मूठभर हळद आत टाकायची, ही युक्ती देशभरच्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. परदेशात याच कामी मिरपूड आणि अंड्याचा पांढरा बलक वापरीत. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते, भोकापाशी जमते आणि गळती थांबते. रात्री घाटात अडकलेल्याला ती घरापर्यंत पोहोचवते. तेवढ्यापुरती ती औषधच आहे. पण ती भोक कोणते आणि नळी कोणती हे ओळखत नाही. घरी आल्यावर पाणी काढून, धुऊन, डाख दिला नाही तर तीच हळद नळ्यांत बसून राहते.

या हळदीने आमच्या संघटनेला एक तंटा जिंकून दिला, तो सांगतो. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो आपल्यासारखाच कर्जावर गाडी घेतलेला माणूस होता. त्याच्या गाडीचे हेड गॅसकेट घाटात उडाले आणि हेडला चीर गेली. त्याने ड्रायव्हरवर ठपका ठेवला की काटा वर गेलेला दिसत असूनही तू गाडी हाणलीस. खर्च दरमहा पगारातून कापायला सुरुवात केली. तीन महिने कापल्यावर ड्रायव्हरची बायको आमच्या कचेरीत आली. तो स्वतः आला नाही. आपलेच चुकले असेल, असे त्याला वाटत होते.

मी जुनी कायद्याची पुस्तके काढली. वेतन अदायगीचा कायदा १९३६ चा होता आणि तो पुढे मालवाहतुकीलाही लागू झाला. सोपवलेल्या वस्तूच्या नुकसानीबद्दल पगार कापायचा तर ते नुकसान सरळ कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी आधी दिली पाहिजे, असे त्यात होते. संधी दिलेली नव्हती, हा एक मुद्दा झाला. पण मला दुसरा हवा होता, कारण तो निर्दोष आहे हे त्याला स्वतःलाच पटले पाहिजे होते. मी मिस्त्रींना विचारले. त्यांनी तो काढून ठेवलेला रेडिएटर मागवला.

कचेरीसमोरच्या अंगणात त्यांनी दोन रेडिएटर शेजारी शेजारी उभे केले. एक चांगला आणि एक तो. दोन्हींच्या खालच्या तोंडाला बोळा लावून काठोकाठ पाणी भरले. मग दोन्ही बोळे एकदम ओढले. चांगल्या रेडिएटरचे पाणी धबाधबा वाहून संपले. दुसऱ्याची धार गाईच्या कासेतून यावी तशी बारीक येत राहिली. मालकही तेथे उभा होता. मग मिस्त्रींनी वरची टाकी उकलली आणि सळईने नळ्यांतला गाळ काढून वर्तमानपत्रावर ठेवला. पांढरा क्षार, आणि त्यात कालवलेला पिवळा-तपकिरी लगदा. त्यांनी तो बोटाने चोळून मालकाच्या नाकापुढे धरला. वास हळदीचा होता. आधीच्या दोन खेपांना जाळी दुरुस्त करू या असे ड्रायव्हर म्हणाला होता, आणि "हळद टाक, हंगाम संपल्यावर बघू," असे उत्तर त्याला मिळाले होते. ते मालकाने नाकारले नाही. तंटा अधिकाऱ्यापुढे गेलाच नाही. तीन महिन्यांचे कापलेले पैसे परत मिळाले.

त्या दिवशी मला उमगले की साक्ष देण्याची विद्या कायद्याच्या पुस्तकात अर्धी असते आणि अर्धी सळईच्या टोकाशी. आमच्या मिस्त्रींना सही करता येत नव्हती. पण त्यांच्याइतका स्पष्ट पुरावा मांडणारा माणूस मी नंतर फारसा पाहिला नाही.

आता तासांचा प्रश्न. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ठरवले की मालमोटारीचा ड्रायव्हर सलग पाच तासांहून अधिक चालवणार नाही, मग निदान अर्धा तास विश्रांती. दिवसात नऊ तास, आठवड्यात चौपन्न. १९६१ साली मोटार परिवहन कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस झाले. त्यात 'धावण्याचा वेळ' कशाला म्हणावे याची व्याख्या होती. गाडी मधे थांबली तरी, त्या वेळात कामगार आपल्या इच्छेप्रमाणे वागायला मोकळा नसेल, तर तो वेळ वजा होत नसे. आणि गाडीची देखभाल-दुरुस्ती हेही कामच धरले होते. १९३९ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रस्ता-वाहतुकीसाठी जो करार केला, त्याची छाया या कलमांवर दिसते. आता विचार करा. घाटात तापलेल्या गाडीपाशी दोन तास उभा असलेला माणूस मोकळा आहे काय? मागच्या चाकाला दगड, बोनेट उघडे, हातात डबा, हौद्यात दुसऱ्याचा लाखाचा माल. तो तेथून हलू शकत नाही. कायद्याच्या भाषेतसुद्धा तो कामावरच आहे.

प्रत्यक्षात त्याला या दोन तासांचा पैसा मिळत नाही, कारण तो खेपेवर असतो. आणि तो कायदा लागू होई तो पाच किंवा अधिक मोटार कामगार असणाऱ्या धंद्याला. एका गाडीवर दोन माणसे. म्हणजे एका-दोन गाड्यांचा मालक बाहेर राहिला. राज्य सरकारला तो लहान धंद्यांनाही लावता येई, पण आमच्यासारख्यांच्या अनुभवाला ते फारसे आले नाही. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. कायद्याचे नाव बदलले तरी आमची मागणी तीच आहे. गाडी कितीही एकटी असो, तिच्यावरच्या माणसांची नावे वहीत असली पाहिजेत आणि थांबल्या गाडीपाशी घालवलेला वेळ मोजला गेला पाहिजे.

या पंचवीस वर्षांत पुष्कळ बदलले. खंबाटकीला बोगदा झाला आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा चढ वाचला. रेडिएटर अल्युमिनियमचे झाले, त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना डाख लागत नाही, बिघडले की बदलायचे. पाण्याऐवजी कूलंट आला. २०२० पासूनच्या नव्या इंजिनांत तापमान वाढले की संगणक आपणच ताकद कमी करतो. किन्नर तर बहुतेक गाड्यांवरून नाहीसाच झाला. त्याचे काम आता ड्रायव्हर एकटा करतो, एकट्याच्या मजुरीत. जुन्या गाड्या मात्र गेलेल्या नाहीत. ऊस, वीट, वाळू यांच्या खेपांवर त्या अजून आहेत, आणि ज्यांना नवी घेणे परवडत नाही त्यांच्याच पोटाला त्या धरून आहेत. त्यांच्यासाठी मिस्त्रींचा तो क्रम अजून तितकाच उपयोगी आहे.

शेवटी दोन सालांकडे आपले लक्ष वेधतो. यंत्राला थंड ठेवणारी ती उत्तम जाळी मायबाखने १९०० साली केली. आपल्या देशात मध्यम आणि जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे असा नियम लागू झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. इंजिन तापू नये याची काळजी आधी आणि इंजिनाला खेटून बसणारा माणूस तापू नये याची त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. उशिरा का होईना नियम आला, त्याचे स्वागत आहे. पण तो नव्या गाड्यांपुरता आहे. जुन्या गाडीतला माणूस अजून त्याच उष्णतेत बसला आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या-परवा महाबळेश्वरला किंवा पुण्याला जाल. घाटात कडेला बोनेट उघडून एखादी जुनी मालमोटार उभी दिसेल. तिच्यापाशी डबा घेऊन उभा असलेला माणूस विश्रांती घेत आहे असे समजू नका. शक्य झाले तर थांबा आणि पाण्याची बाटली द्या. इंजिनाला पुरणार नाही, पण त्याला पुरेल.